तेरेखोलच्या धक्क्यावर

गोव्याचा नकाशा उघडून उत्तरेकडे बोट सरकवीत नेले, की पेडणे तालुक्याच्या टोकाशी तेरेखोल नदी आडवी येते. गोवा येथेच संपला, असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु नदीच्या पलीकडच्या तीरावर, महाराष्ट्राच्या भूमीला पाठ टेकून, गोव्याचा एक इवलासा तुकडा बसलेला आहे. एक टेकडी, टेकडीवर किल्ला, किल्ल्याच्या अंगणात संत अंतोनीचे देऊळ, आणि माडांच्या व काजूंच्या सावलीत वसलेले लहानसे गाव. एवढेच ते तेरेखोल. गोव्याच्या मुख्य भूमीवरून तेथे जायचे तर केरीच्या धक्क्यावर फेरीबोट धरावी लागते. महाराष्ट्राच्या बाजूने मात्र शिरोडा, रेडी करीत थेट रस्त्याने जाता येते. आम्ही या दुसऱ्या वाटेने गेलो.

आम्ही म्हणजे घरचीच चार माणसे. आम्ही दोघे, आमची धाकटी मुलगी आणि मुलीची मावशी. मावशी धर्मभगिनी आहेत. १९७४ साली त्या सेवेसाठी टांझानियात गेल्या आणि अठ्ठावीस वर्षांनी परत आल्या. आम्ही त्यांना ताई म्हणतो. मुलगी परिचारिका आहे. ताईंनी जेथे उमेदीची वर्षे घालविली, त्याच मुलखातील एका मिशन इस्पितळात दोन वर्षे विनावेतन काम करण्याचे तिने मनावर घेतले होते. कागदपत्रे झाली होती, लशी टोचून झाल्या होत्या. राहिला होता तो आईवडिलांचा होकार. आम्हा दोघांपैकी एकाने तो दिला होता, एकाने दिला नव्हता. कोणी दिला नव्हता, हे येथे सांगण्याचे कारण नाही. ज्या घरातून मूल दूरदेशी निघते, त्या घरात या दोन्ही प्रकारची माणसे असतातच.

जाण्यापूर्वी सांकवाळला, संत जोसेफ वाझ यांच्या गावी, माथा टेकून यावे अशी मुलीची इच्छा होती. ताई म्हणाल्या, "मग वाटेत तेरेखोल पाहू. तिथून फेरीने नदी ओलांडून गोव्यात शिरू." म्हणून सावंतवाडीला गाडीतून उतरून आम्ही शिरोड्याचा रस्ता धरला.

रेडी मागे पडली, की रस्ता जांभ्या दगडाच्या टेकाडांतून चढू-उतरू लागतो. दोन्ही बाजूंना काजूची झाडे; मधूनच पश्चिमेला समुद्राची निळी रेघ दिसते आणि लपते. कोठे महाराष्ट्र संपला आणि कोठे गोवा सुरू झाला, हे पाटी वाचल्यावाचून कळत नाही. माती तीच, कौले तीच, अंगणात वाळत घातलेल्या आमसुलांचा वासही तोच. तरी १९ डिसेंबर १९६१ पर्यंत हा परदेश होता. रेडीचा माणूस तेरेखोलास आला, की तो दुसऱ्या राष्ट्रात आलेला असे. ताई गाडीतून बाहेर पाहत म्हणाल्या, "आपण परदेश परदेश म्हणतो, इथं तो चालत जाण्याच्या अंतरावर होता."

किल्ला मूळचा सावंतवाडीकर भोसल्यांचा. तो पोर्तुगीजांच्या हाती कसा गेला, याचा धागा आम्हा वसईकरांच्या इतिहासाशी जुळतो. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीजांचा उत्तरेकडचा मुलूख गेला. त्यानंतर त्यांनी गोव्याच्या भोवतालचा प्रदेश जिंकण्याकडे लक्ष वळविले. व्हाइसरॉय मार्केस द आलोर्ना याने १७४६ साली तेरेखोल सर केले. पेडणे महाल त्यांच्या ताब्यात यावयास त्यानंतर आणखी चाळीसएक वर्षे लागली. म्हणजे आमच्या घरावरून जे निशाण उतरले, ते सात वर्षांनी या टेकडीवर चढले.

त्या निशाणाच्या जागी तिरंगा लावण्याचे धाडसही येथेच झाले. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड अफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली निःशस्त्र सत्याग्रहींची एक तुकडी सीमा ओलांडून आली आणि तिने या किल्ल्यावर तिरंगा फडकाविला. पुढे ते सारे पकडले गेले. दुसऱ्या वर्षीच्या, १९५५ च्या, सत्याग्रहात हिरवे गुरुजी आणि शेषनाथ वाडेकर यांनी येथे प्राण दिले. गोवा मुक्त झाल्यावर कालांतराने किल्ल्यात प्रवाशांसाठी हॉटेल निघाले. जेथे पहारेकरी उभे राहत, तेथे उभे राहून लोक सूर्यास्त पाहू लागले. तटावरून पाहिले, तर खाली नदी समुद्राला मिळते, समोर केरीची पांढरी पुळण पसरलेली असते आणि तिच्यामागे सुरूच्या झाडांची रांग दिसते.

देवळाचे दार त्या दिवशी बंद होते. बाहेरच उभे राहून आम्ही प्रार्थना केली. हरवलेली वस्तू शोधून देणारा संत म्हणून अंतोनीची आपल्याकडे घरोघर ओळख आहे. किल्ली सापडेनाशी झाली, की आम्हीही त्यालाच वेठीस धरतो. परंतु हा संतही एके काळी परदेशी मिशनकार्यासाठी निघालेला तरुण होता, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. जन्म लिस्बनचा. मोरोक्कोत हुतात्मा झालेल्या पाच फ्रान्सिस्कन बंधूंचे अवशेष १२२० साली पोर्तुगालमध्ये आणले गेले. ते पाहून तो पेटून उठला, त्याच संघात दाखल झाला आणि मोरोक्कोला गेला. तेथे पोहोचताच दुखण्याने त्याला अंथरुणाला खिळविले. माघारी निघाला, तर वादळाने गलबत भरकटत सिसिलीला नेले. पुढे इटलीत, मोन्तेपाओलो येथील एका लहानशा मठात तो राहिला. तेथे हा विद्वान तरुण भांडी घाशी, केर काढी आणि उरलेल्या वेळात प्रार्थना करी. १२२२ साली फोर्ली येथे ऐनवेळी दुसरा कोणी वक्ता मिळेना, म्हणून त्याला बोलावयास उभे केले, आणि मग जगाला त्याची वाणी कळली.

ताईंनी ही हकिगत सांगितली आणि मुलीकडे पाहून त्या म्हणाल्या, "मोरोक्कोला जाऊन त्याला काही करता आलं नाही. भांडी मात्र त्यानं मनापासून घासली. मिशनवर जाणाऱ्यानं याच्याकडून एवढं शिकून जावं."

आम्ही टेकडी उतरून धक्क्यावर आलो, तो ओहोटी लागलेली. नदीच्या मुखाशी वाळू साचते; पाणी फार उतरले, की फेरीबोट चालत नाही. बोट पलीकडे केरीला उभी होती. पाणी चढेपर्यंत थांबण्यावाचून उपाय नव्हता. धक्क्यावर आमच्यासारखीच खोळंबलेली काही माणसे होती. स्कूटरवाले दोन तरुण, दप्तरे पाठीला लावलेली मुले, आणि माशांची रिकामी पाटी उपडी घालून तिच्यावर बसलेली एक कोळीण. तिनेच बोलणे काढले. "तुमी खंयचीं?" आम्ही वसईचे नाव सांगितले. मुलगी आफ्रिकेला जाणार, हे ऐकून तिला काहीच नवल वाटले नाही. तिचा मुलगा कुवेतला होता, भाचा जहाजावर होता. गोव्यात घरटी एक माणूस परदेशी असावयाचाच. तिने सरळ व्यवहाराचा प्रश्न विचारला, पगार किती? मुलगी म्हणाली, पगार नाही. राहणे-जेवणे तेवढे मिळेल. कोळणीने तिला आपादमस्तक न्याहाळले आणि म्हटले, "मागीर कित्याक वता?"

मग कशाला जातेस? नेमका हाच प्रश्न गेले चार महिने आमच्या घरात जेवणाच्या वेळी, दिवे मालवताना, न विचारता विचारला जात होता. मुलीला चटकन उत्तर देता आले नाही. आम्ही दोघे पाण्याकडे पाहत राहिलो. बोलल्या त्या ताई.

"पहिलं वर्षभर मी स्वतःला हेच विचारत होते," त्या म्हणाल्या. मग पाणी चढेपर्यंत त्यांनी जे सांगितले, ते इतक्या वर्षांत त्यांनी आमच्यापाशी कधी सांगितले नव्हते. सुट्टीवर आल्या म्हणजे त्या जिराफांच्या नि हत्तींच्या गोष्टी सांगत. मुलांना त्या हव्या असत, आणि आम्हीही त्यावरच समाधान मानीत असू.

त्यांचे गाव दक्षिण टांझानियाच्या डोंगराळ मुलखात होते. राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांना सारा देश 'म्वालिमू' म्हणजे गुरुजी म्हणे. विखुरलेल्या वाड्या एकत्र आणून 'उजामा' गावे वसविण्याचे त्यांचे धोरण तेव्हा जोरात होते. अशाच एका नव्या वस्तीत एक दवाखाना, चार धर्मभगिनी आणि एक विहीर. पहाटे पाचला उठावयाचे, प्रार्थना करावयाची. धर्मगुरू दूरच्या ठाण्यावरून येत. त्यामुळे मिस्सा रोज मिळत नसे. मग पाणी भरावयाचे, चूल पेटवावयाची. जेवण म्हणजे उगाली, मक्याच्या पिठाचा घट्ट शिजविलेला गोळा, आणि त्याबरोबर घेवड्याचे दाणे. भाताची आठवण पहिले सहा महिने छळी; नंतर उगालीची सवय झाली. आठ वाजता दवाखान्याची रांग सुरू होई. हिवताप, खरूज, हगवण, अडलेल्या बायका. आंब्याच्या फांदीला वजनकाटा टांगून त्याच्या झोळीत एकेक तान्हे बाळ ठेवावयाचे आणि आकडा वहीत लिहावयाचा. मीठ-साखरेचे पाणी कसे करावयाचे, हे एका आईला दहा वेळा दाखवावयाचे. दुपारी पट्ट्या धुऊन उकळावयाच्या, भाजीचे वाफे शिंपावयाचे. रात्री कंदिलाच्या उजेडात हिशेब लिहावयाचे, आणि डोळा लागतो न लागतो तो दारावर थाप पडावयाची, कोणाचे तरी दिवस भरलेले असत. "अठ्ठावीस वर्षांत मी प्रवचन असं एकदाही केलं नाही," ताई हसून म्हणाल्या. "धुणं मात्र पुष्कळ केलं."

पहिल्या वर्षी भाषा येत नव्हती. तेथे थोरामोठ्यांना भेटताच 'शिकामू' म्हणावयाचे. त्याचा मूळ अर्थ, तुमचे पाय धरतो. हे शब्द त्यांना लवकर आवडले, कारण ते आपल्या घरचे वाटले. परंतु घड्याळाने त्यांची फजिती केली. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सात वाजले, की त्यांचा पहिला तास. आपले आठ म्हणजे दुसरा. एका तापलेल्या मुलाच्या आईला ताईंनी दुपारी दोन वाजता यावयास सांगितले आणि आपल्या हिशेबाने 'दुसरा तास' म्हणून बसल्या. ती बाई सकाळी आठला आली. ताई तेव्हा दुसऱ्या वाडीवर गेलेल्या. सहा तास ती बाई मुलाला मांडीवर घेऊन आंब्याखाली बसून राहिली. दुपारी ताई परतल्या, काय घडले ते त्यांना कळले, आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी आले. तेव्हा त्या बाईने उठून त्यांचा हात धरला आणि ती म्हणाली, "पोले, सिस्टर." पोले म्हणजे तुमच्या दुःखात मी आहे.

"मूल वाचलं," ताई म्हणाल्या. "पण त्या दिवशी सेवा कोणी कोणाची केली? ज्यांना द्यायला मी गेले होते, त्यांच्याकडून घेतच राहिले. आता तो दवाखाना तिथल्याच धर्मभगिनी चालवतात, तिथल्याच परिचारिका आहेत. माझ्यावाचून तिथं काही अडत नाही. परत आले तेव्हा याचं वाईट वाटलं होतं. आता वाटतं, यासाठीच तर गेले होते."

मुलगी ऐकत होती. ती म्हणाली, "मावशी, वाझसुद्धा असेच गेले होते ना?" आणि तिने कोळणीला सांकवाळच्या संताची कथा सांगावयास आरंभ केला. कोळणीला ती आमच्याहून अधिक ठाऊक असावी. तरी तिने ती मान डोलवीत ऐकून घेतली.

जोसेफ वाझ यांचा जन्म १६५१ सालचा, आजोळी बाणावलीस, घर सांकवाळचे. श्रीलंकेचा किनारा डच लोकांच्या हाती गेल्यावर तेथे कॅथलिक धर्मगुरूंना बंदी झाली. तेथील ख्रिस्ती लोक तीसएक वर्षे धर्मगुरूंवाचून होते. हे कानी आल्यावर वाझ यांनी मजुराचा वेष घेतला आणि घरचा चाकर जुआंव याला सोबतीस घेऊन १६८७ साली ते समुद्र ओलांडून गेले. वाटेत हगवणीने दोघांना इतके खंगविले, की पाय टेकल्यावर ते मरणाच्या दारीच पडले होते. गरीब बायांनी घातलेल्या कांजीवर ते वाचले. म्हणजे सेवा करावयास गेलेल्या या माणसाने प्रथम काय केले, तर सेवा घेतली. मग गळ्यात मोठी जपमाळ घालून ते दारोदार भीक मागत हिंडले. जपमाळ पाहून कोणाच्या डोळ्यांत ओळख उमटते, ते पाहत. तमिळ शिकले, सिंहली शिकले. १६९२ साली कँडीच्या राजाने त्यांना पोर्तुगीजांचा हेर समजून कैदेत टाकले. पुढे त्याच राजाने त्यांना आपल्या राज्यात मोकळेपणी फिरू दिले. १६९७ साली कँडीत देवीची साथ पसरली. आप्तांनी रोग्यांना रानात सोडून दिले. वाझ आणि त्यांचे भाचे फादर कार्व्हालो यांनी त्यांच्यासाठी झोपड्या बांधल्या, अन्न नेले, फोड धुतले, मेलेल्यांना मूठमाती दिली. रोगी कोणत्या धर्माचा, हे त्यांनी विचारले नाही. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांनी देह ठेवला. गोव्याला ते पुन्हा आले नाहीत. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोच्या समुद्रकिनारी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद जाहीर केले.

'पुन्हा आले नाहीत' हे शब्द मुलीने सहज उच्चारले. आम्हा दोघांपैकी एकाच्या काळजात ते रुतले. सांकवाळच्या त्या घरात कोणीतरी वाट पाहिलीच असेल. संतांच्या चरित्रात त्या वाट पाहणाऱ्यांसाठी एखादी ओळ क्वचितच असते.

पण त्याच क्षणी आम्हास आमचे स्वतःचे देऊळ आठवले. १७३९ नंतर वसईतून पोर्तुगीज गेले, युरोपीय धर्मगुरू गेले. मराठ्यांच्या राज्यात मागे राहिलेल्या आमच्या पूर्वजांपाशी कोण आले? गोव्याचे देशी धर्मगुरू आले. कोणा सासष्टीच्या, कोणा बार्देशच्या आईने आपला मुलगा परक्या राज्यात, परक्या बोलीच्या लोकांत पाठविला. त्यांनी आमच्या मुलांना बाप्तिस्मा दिला, आमच्या लग्नांना आशीर्वाद दिला, आमच्या म्हाताऱ्यांच्या उशाशी ते बसले. त्यांतील कितीकांची हाडे वसईच्याच मातीत असतील. आम्ही स्वतःस जुने, मुळात रुजलेले ख्रिस्ती म्हणवितो. परंतु ही मुळे ज्यांनी पाणी घालून जगविली, ती माणसे परमुलखातूनच आली होती. ज्या घराने दोन शतके अशी माणसे घेतली, त्या घराने एक मुलगी दोन वर्षांसाठी द्यावयाची म्हटले, तर केवढा हिशेब मांडला!

हे आम्ही कोणी मोठ्याने बोललो नाही. समोर पाणी हळूहळू वाळूवर चढत होते. पलीकडे केरीला फेरीबोटीचे इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. शाळेची मुले उठून उभी राहिली. कोळणीने पाटी डोक्यावर घेतली, मुलीच्या गालावरून हात फिरविला आणि ती म्हणाली, "देव बरें करूं."

बोट धक्क्याला लागली. तिची लोखंडी फळी खडखडत खाली आली. स्कूटरी आधी चढल्या, मग आम्ही. तेरेखोलची टेकडी मागे सरकू लागली. किल्ल्यातल्या देवळाचा पांढरा माथा काही वेळ दिसत राहिला. नदी ओलांडावयास काही फार वेळ लागत नाही. पण त्या पाण्याच्या मध्यावर, इतके दिवस गप्प राहिलेल्या माणसाने ताईंना विचारले,

"तिकडे थंडी पडते का हो?"

"जून-जुलैत चांगलीच पडते," ताई म्हणाल्या. "उंचावरचा मुलूख आहे. लोकरीचं काहीतरी लागेलच."

मुलीने आमच्याकडे पाहिले आणि मग मुद्दाम पाण्याकडे तोंड वळविले. केरीचा धक्का जवळ येत होता. सांकवाळ अजून दूर होते. परंतु ज्यासाठी आम्ही निघालो होतो, ते बहुधा वाटेतच झाले होते. घरी परतल्यावर पहिल्याच बाजारच्या दिवशी आम्ही लोकर आणली. स्वेटर निळ्या रंगाचा आहे. एक बाही तेवढी व्हावयाची राहिली आहे.